आकड्याचा अड्डा खिशात आला : घरच्यांनी काय करावे?

वरळी-नायगावच्या बीडीडी चाळींत, डिलाईल रोडला, लालबाग-परळच्या गिरणगावात ज्यांचे बालपण गेले, त्या आमच्या वाचकांना आकडा म्हणजे काय हे समजावून सांगण्याची गरज नाही. १९६० नंतरच्या काही वर्षांत कल्याणजी भगत आणि रतन खत्री यांनी मुंबईत मटक्याचा धंदा उभा केला. त्याआधी न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातून येणाऱ्या भावांवर पैसे लागत. ते भाव येणे बंद झाले तेव्हा मडक्यातून चिठ्ठ्या काढून आणि पुढे पत्ते काढून आकडा जाहीर होऊ लागला. ओपन, क्लोज, जोडी, पाना हे शब्द पाळी सुटून घरी निघालेल्या कामगाराच्या तोंडी रुळले. रुपया-दोन रुपयेही लावता येत, म्हणून तो गरिबाचा खेळ ठरला. खेळ गरिबाचा आणि बंगला शेठचा!

पण त्या जुगाराला काही कुंपणे होती. अड्डा गल्लीच्या टोकाला असे. तिकडे वळलेला माणूस कोणाच्या तरी नजरेस पडे आणि दिवे लागणीच्या आत शेजारची मावशी घरी येऊन सांगे. आकडा ठरल्या वेळीच फुटे. पगार पाकिटातून रोख मिळे आणि पाकीट रिकामे झाले की त्या दिवसाचा खेळ आपोआप संपे. या कुंपणांनीही अनेक संसार वाचले नाहीत, हे आम्ही जाणतो. पण जे वाचले ते बऱ्याच अंशी या कुंपणांमुळेच वाचले.

आज अड्डा खिशात आहे. मुलगा आईच्या शेजारी पांघरुणात पडून रात्री दोन वाजता रमीचा डाव टाकतो आणि आईला वाटते, पोरगा चित्रपट पाहतो आहे. कोणी पाहत नाही. एक डाव संपला की दुसरा एका मिनिटात सुरू. आणि पाकीट रिकामे होतच नाही, कारण ज्या फोनमध्ये जुगार आहे त्याच फोनमध्ये पाच मिनिटांत कर्ज देणारे ॲपही आहे. आम्हाला विचाराल तर जुन्या आणि नव्या जुगारातला सर्वांत घातक फरक हा तिसरा आहे.

एका रविवारी विहारातली वंदना आटोपल्यावर एक माउली मागे थांबल्या. त्यांचे यजमान महापालिकेत सफाई कामगार होते. ते गेल्यावर वारसा हक्काने मुलगा कामावर लागला. आपल्या समाजात अशा नोकरीचे मोल काय असते ते वेगळे सांगायला नको. बापाने गटारात उतरून मिळवलेली जागा ती. मुलाचे लग्न झाले, एक मुलगी झाली. कामावरच्या एका सोबत्याने त्याला रमीचे ॲप दाखवले. सुरुवातीला कंपनीनेच पन्नास रुपये फुकट दिले. पहिल्याच महिन्यात तो चार हजार जिंकला आणि त्यातून त्याने आईला मिक्सर आणला. "तेव्हा मी शेजारणींना कौतुकाने दाखवला हो तो मिक्सर," माउली म्हणाल्या.

पुढची हकीकत वाचकांनी ओळखलीच असेल. पहिल्यांदा साठ हजारांचे कर्ज उघडकीस आले तेव्हा माउलींनी भिशी उचलून ते फेडले. मुलाने लेकीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. सात-आठ महिन्यांनी दीड लाख निघाले. या वेळी गळ्यातली पोत आणि कानातले गेले. पुन्हा शपथ. तिसऱ्यांदा यजमानांच्या फंडाची, नातीच्या शिक्षणासाठी बँकेत ठेवलेली रक्कम मोडली. ती फेडून दीड महिना झाला नाही तोच वसुलीवाल्यांचे फोन सुनेच्या माहेरी जाऊ लागले. दरम्यान कोणी तरी सुचवले म्हणून अमावास्येला एका बाबाकडे पाच हजार रुपये देऊन झाले होते. बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञा पाठ म्हणणाऱ्या घरात हे घडले! आम्ही त्यांना रागावलो नाही. बुडणारा माणूस काडी शोधतो.

आम्ही त्यांना एकच प्रश्न विचारला, "तीन वेळा कर्ज फेडलेत, ते पैसे दिलेत कोणाच्या हातात?"

"त्याच्याच. म्हणाला, मी भरून येतो."

आजचा हा लेख आम्ही त्या उत्तरासाठी लिहीत आहोत.

जुगार हा कोणाला वाईट चालीचा प्रकार वाटतो, कोणाला आळशीपणा, कोणाला करणी. वैद्यकशास्त्र त्याला आजार म्हणते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीची अकरावी आवृत्ती २०२२ पासून लागू झाली. तिच्यात जुगाराचा विकार दारू आणि अमली पदार्थांच्या व्यसनांच्या पंक्तीला बसवला आहे. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या २०१३ च्या नियमावलीत त्याची नऊ लक्षणे दिली आहेत आणि वर्षभरात त्यांतली चार दिसली तर तो विकार मानावा असे म्हटले आहे. आपल्या भाषेत ती अशी : तीच मजा येण्यासाठी दर वेळी जास्त रक्कम लावावी लागणे, खेळ थांबवला की चिडचिड होणे, सोडायचा प्रयत्न पुन्हा पुन्हा फसणे, डोक्यात सतत तोच विचार, मन खिन्न झाले की खेळाकडे वळणे, गेलेले पैसे काढण्यासाठी दुसऱ्या दिवशी पुन्हा बसणे, खोटे बोलणे, नोकरी, शिक्षण किंवा नाती धोक्यात घालणे. आणि नववे लक्षण, जुगाराने झालेली अडचण भागवण्यासाठी दुसऱ्यांकडून पैसे मागणे.

हे नववे लक्षण पुन्हा एकदा वाचावे. माउलींनी तीन वेळा जे केले ते त्यांना उपचार वाटत होते. प्रत्यक्षात ते आजाराचेच एक लक्षण होते आणि त्या प्रेमापोटी ते पुरवत होत्या. कर्ज फिटल्याबरोबर जुगाऱ्याच्या मनावरचे ओझे उतरते, कर्ज देणाऱ्यांची दारे पुन्हा उघडतात आणि मनात कोठे तरी अशी खूणगाठ बसते की बुडालो तरी आई आहे. कर्ज फेडून जुगार सुटत नाही. आमचा अनुभव तर असा की, गुपचूप फेडलेले प्रत्येक कर्ज पुढच्या मोठ्या कर्जाचे बियाणे ठरते.

मग तो शपथ घेतो ती खोटी असते काय? बहुतेक वेळा नसते. त्या क्षणी तो मनापासून बोलत असतो. बी. एफ. स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर प्रयोग केले होते. कळ टोचल्यावर दाणा ठरावीक वेळी मिळाला तर कबुतर सावकाश टोचते. पण दाणा कधी मिळेल याचा नेम नसला की ते थकेपर्यंत टोचत राहते. जुगाराचे ॲप त्या कळीसारखेच आहे. त्यात भर म्हणून 'थोडक्यात हुकले' असे दाखवण्याची सोय. एका पानाने डाव गेला की माणसाच्या मेंदूला तो हरल्यासारखा वाटत नाही, जवळजवळ जिंकल्यासारखा वाटतो. मग हात पुन्हा कळीकडे जातो. ज्या कंपन्यांनी हे बनवले त्यांच्याकडे शिकलेली माणसे, पैसा आणि प्रसिद्ध खेळाडू होते. आपल्या पोराकडे शपथ होती.

जुगाराबद्दल तथागतांनी काय सांगितले हे या निमित्ताने पाहण्यासारखे आहे. राजगृहाजवळच्या वेळुवनात ते राहत असताना सिगाल नावाचा गृहस्थाचा मुलगा सहा दिशांना नमस्कार करताना त्यांना दिसला. त्याला त्यांनी गृहस्थाच्या वागणुकीचा जो उपदेश केला तो दीघ निकायातील सिगालोवाद सुत्तात आहे. परमपूज्य बाबासाहेबांनीही 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात गृहस्थांचा विनय सांगताना सिगालाची ही हकीकत घेतली आहे. त्या सुत्तात जुगाराचे सहा दुष्परिणाम मोजले आहेत. जिंकणाऱ्याच्या वाट्याला वैर येते. हरणारा गेलेल्या धनासाठी झुरतो. हातचा पैसा जातो. चारचौघांत त्याच्या शब्दाला किंमत राहत नाही. मित्र आणि सोबती त्याला हलका लेखतात. आणि त्याच्याशी कोणी सोयरीक करीत नाही, कारण तो बायकोला पोसू शकणार नाही हे सगळ्यांना ठाऊक असते.

सहांतला थेट पैशाचा परिणाम एकच आहे! बाकीचे मनाचे आणि माणसामाणसांतल्या विश्वासाचे आहेत. माउलींची सून आम्हाला म्हणाली, "पैसे गेले त्याचं नाही एवढं. आता ते दूध आणायला जातो म्हणाले तरी मला खरं वाटत नाही." अडीच हजार वर्षांपूर्वी सांगितलेला चौथा दुष्परिणाम तो हाच. दुसरी एक गोष्ट आम्हाला महत्त्वाची वाटते. ज्या महाकाव्याचे गोडवे या देशात गायले जातात, त्यात राजा भाऊ पणाला लावतो, बायको पणाला लावतो आणि तरी 'धर्मराज' म्हणवला जातो. दिवाळीच्या पाडव्याला फासे टाकणे शुभ मानणारी मंडळी आजही आहेत. बुद्धाच्या उपदेशात असल्या जुगाऱ्याला पदवी नाही आणि शापही नाही. कारण काय आणि परिणाम काय एवढेच आहे. कारण दूर केले तर परिणाम टळतो, हे ज्याला पटते त्याला डॉक्टरकडे जाण्याची लाज वाटण्याचे कारण नाही.

आता कायद्याचे पाहू. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा मंजूर केला आणि २२ ऑगस्टला त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. रमीत कौशल्य आहे की नशीब, हा वाद न्यायालयांत कित्येक दशके चालला होता. या कायद्याने तो भेदच ठेवला नाही. पैसे लावले की बंदी. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाखांपर्यंत दंड सांगितला आहे. खेळणाऱ्याला या कायद्यात शिक्षा नाही, हे घरच्यांनी नीट लक्षात ठेवावे. मदत मागायला गेलो तर पोरगा आत जाईल ही भीती अनेकांना गप्प बसवते. सुमारे ४५ कोटी लोक या खेळांत वर्षाला सुमारे २० हजार कोटी रुपये गमावतात, असा सरकारचा त्या वेळचा अंदाज होता. कायदा होताच ड्रीम इलेव्हन, एमपीएल यांसारख्या मोठ्या कंपन्यांनी पैशाचे खेळ बंद केले. काही कंपन्या न्यायालयात गेल्या.

पण ज्याला आजार जडला आहे त्याचा आजार संसदेच्या ठरावाने जात नाही. तो दुसरे दार शोधतो आणि दुसरी दारे अधिक वाईट आहेत. व्हॉट्सॲप, टेलिग्रामवर सट्ट्याची 'आयडी' विकणारे लोक गल्लोगल्ली आहेत. त्यांचे मालक परदेशात बसलेले असतात. महादेव ॲपचे प्रकरण सर्वांनी वाचलेच आहे. त्याची सूत्रे दुबईहून हलत होती आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये सरकारने ते बंद केले. अशा ठिकाणी जिंकलेले पैसे दिले नाहीत तर दाद कोणाकडे मागणार? यातच एक नवा सापळा आहे. 'तुझे बँकेचे खाते आणि सिमकार्ड महिनाभर दे, दहा हजार देतो' असे सांगून गरीब घरातल्या मुलांची खाती घेतली जातात. त्या खात्यांवरून सट्ट्याचा आणि फसवणुकीचा पैसा फिरतो. मग खाते गोठते आणि पोलीस दारात येतात ते खातेदाराच्या, शेठच्या नव्हे. कोणाला कितीही अडचण असो, खाते भाड्याने देऊ नये.

शिकलेल्या मुलांचा आणखी एक प्रकार आहे. ते जुगार म्हणत नाहीत, 'ट्रेडिंग' म्हणतात. शेअर घेऊन वर्षानुवर्षे ठेवणे वेगळे आणि दुपारी दोनला ऑप्शन घेऊन तीनला विकणे वेगळे. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार तीन आर्थिक वर्षांत या फ्युचर्स-ऑप्शनच्या व्यवहारांत शंभरातल्या ९३ सामान्य गुंतवणूकदारांना तोटा झाला. एकूण तोटा १ लाख ८० हजार कोटींच्या वर. हे कायदेशीर आहे, म्हणून आई-बापांनी बेफिकीर राहू नये.

मग घरच्यांनी करायचे काय? माउलींच्या घरी जे केले ते सांगतो.

पहिल्या दिवशी कर्ज फेडले नाही. हे सर्वांत कठीण गेले. वसुलीवाल्यांचे फोन येत होते, माउलींचे हात थरथरत होते. पण आधी पूर्ण यादी करायची ठरली. बँक, पतपेढी, क्रेडिट कार्ड, फोनवरची ॲप, टक्क्याने दिलेले खासगी पैसे, सोबत्यांकडचे उसने, सगळे एका वहीत. जुगारी माणूस पहिल्या फेरीत कधीच पूर्ण आकडा सांगत नाही. इथेही पहिल्या दिवशी दोन लाख लिहिले गेले, आठवड्याने तीन लाख दहा हजार झाले. म्हणून बँकेचे उतारे आणि कर्जाची नोंद दाखवणारा अहवाल मागवावा. तो वर्षातून एकदा फुकट मिळतो. उतारा खोटे बोलत नाही.

नंतर पैशाची वाट बंद केली. पगार जमा होतो त्या खात्याचे एटीएम कार्ड सुनेकडे आले. मुलाच्या फोनवरून यूपीआय काढले. बँकेत अर्ज देऊन क्रेडिट कार्ड बंद केले. काही महिने त्याने साधा बटणाचा फोन वापरला. रोज चहा-प्रवासाला शंभर रुपये. घराची कागदपत्रे, दागिने जे काही उरले होते ते नणंदेकडे ठेवले. हे सगळे त्याच्या संमतीने झाले. जबरदस्तीने हिसकावले असते तर दोन दिवसांत नवे सिमकार्ड आले असते. शिवाय त्याला कायम गुन्हेगारासारखे वागवू नये, असे सुनेनेच सांगितले. महिन्याचा हिशोब दोघे मिळून करतात.

कर्जफेड नंतर सुरू झाली आणि ती थेट कर्ज देणाऱ्याच्या खात्यात, मुलाच्या हातून नव्हे. पतपेढीने हप्ते पाडून दिले. परवाना नसताना व्याजाने पैसे देणे हा महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ नुसार गुन्हा आहे; अशा सावकाराविरुद्ध सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकाकडे तक्रार करता येते. ॲपवाला फोटो बदलून नातेवाइकांना पाठवीन असे धमकावू लागला, तर घाबरून आणखी एक कर्ज काढू नये. संदेश जपून ठेवावेत आणि सायबर गुन्ह्यांसाठीच्या १९३० या क्रमांकावर आणि पोलीस ठाण्यात तक्रार द्यावी.

आपल्या समाजाला कर्ज काही नवे नाही. सुभेदार रामजींनी भीमरावांच्या पुस्तकांसाठी लेकीचा दागिना गहाण ठेवला आणि पेन्शन आल्यावर सोडवून आणला, ही हकीकत प्रत्येक घरात सांगितली जाते. दागिना गहाण पडला म्हणून लाजायचे कारण तेव्हाही नव्हते, आजही नाही. फक्त तो कशासाठी पडला आणि सोडवून कोण आणणार, हे घरातल्या सगळ्यांना माहीत असले पाहिजे. माउलींनी पोत मोडली तेव्हा सुनेलाही सांगितले नव्हते. लपवाछपवीची ही सवय एकट्या जुगाऱ्याची नसते, ती सगळ्या घराला लागते.

आता उपचाराविषयी. केंद्र सरकारची टेली-मानस ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, पैसे न पडता, मराठीतही बोलता येते. रुग्ण तयार नसेल तर बायकोने, आईने फोन केला तरी चालतो. मुंबईत केईएम, नायर, शीव, जे. जे. या रुग्णालयांत मनोविकार विभाग आहेत. सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे आहेत. गावाकडच्यांनी जिल्हा सामान्य रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञाची ओपीडी कोणत्या वारी असते ते विचारावे. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेत तंत्रज्ञानाच्या अतिवापराने जडणाऱ्या विकारांसाठी २०१४ पासून वेगळे केंद्रच आहे. पुण्याच्या मुक्तांगणसारखी व्यसनमुक्ती केंद्रे अनेक वर्षे काम करीत आहेत. अशा केंद्रात जायचे तर जुगाराच्या रुग्णाला घेतात काय, हे आधी फोनवर विचारून घ्यावे, म्हणजे खेप फुकट जात नाही.

तिथे काय करतात, याची भीती अनेकांना असते. विजेचे झटके देतील, वेडा ठरवतील, नोकरी जाईल! तसे काही नाही. मुख्य उपचार बोलण्याचा असतो. खेळावेसे कधी वाटते, पगाराच्या दिवशी की भांडणानंतर, हे रुग्णाकडून काढून घेतात. 'इतक्या वेळा हरलो, म्हणजे आता जिंकणारच' या समजुतीतली चूक दाखवतात. पत्त्यांना मागचा डाव आठवत नसतो. खेळण्याची ऊर्मी लाटेसारखी चढते आणि ओसरते. तेवढा वेळ काढायला शिकवतात. बऱ्याच जणांना मुळात उदासीनता किंवा दारूही जडलेली असते, त्यावर औषधे दिली जातात. औषध लिहून दिले तर ते मध्येच बंद करू नये.

एक नाजूक गोष्ट स्पष्ट लिहिली पाहिजे. कर्जाने घेरलेल्या जुगाऱ्याच्या मनात जीव देण्याचे विचार येण्याचा धोका मोठा असतो. तो अचानक गप्प झाला, वस्तू वाटू लागला, 'माझ्यामागे मुलीला सांभाळा' अशी भाषा करू लागला, तर शेजारी बसून सरळ विचारावे, "जिवाचं काही बरंवाईट करावंसं वाटतं का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट कोणाला तरी कळले, या भावनेने ओझे हलके होते. त्या रात्री त्याला एकटे सोडू नये, १४४१६ ला फोन करावा, वेळ आलीच तर ११२ ला करावा किंवा जवळच्या रुग्णालयात न्यावे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या ११५ व्या कलमाने अशा माणसाला तीव्र ताणाखाली असलेला मानले आहे. त्याला शिक्षा नाही, उपचार द्यायचे आहेत. पोलीस केसच्या भीतीने दवाखाना टाळू नये.

काही वाचक म्हणतील, सगळेच काही बुडत नाहीत. आम्ही महिन्याला राज्य लॉटरीची दोन तिकिटे घेतो, गणपतीत दहा रुपयांनी तीनपत्ती खेळतो, त्याचे काय? आमचे मत विचाराल तर ते दहा रुपयेही आम्ही वाचवू. पण प्रत्येक माणूस आमचे ऐकेल इतके भोळे आम्ही नाही. ज्याला खेळायचेच आहे त्याने निदान उसने पैसे लावू नयेत, गेलेले पैसे काढायला बसू नये, दारू पिऊन किंवा भांडून आल्यावर खेळू नये आणि घरी सांगता येणार नाही एवढी रक्कम लावू नये. ब्रिटनमध्ये जुगार कायदेशीर आहे. तिथेसुद्धा एप्रिल २०२० पासून क्रेडिट कार्डावर जुगार खेळायला बंदी आहे आणि ज्याला स्वतःवर भरवसा वाटत नाही त्याला आपले नाव नोंदवून परवानाधारक ऑनलाइन जुगाराची दारे स्वतःलाच बंद करून घेता येतात. आपल्याकडे जाहिरातीच्या शेवटी 'जबाबदारीने खेळा' असे घाईघाईने म्हणत, ती जबाबदारी खेळणाऱ्याच्या गळ्यात टाकून मोकळे होत.

विहारांनी आणि मंडळांनीही थोडे भान ठेवावे. जयंतीची वर्गणी एकाच पोराच्या फोनपेवर जमा करण्याची पद्धत सर्रास झाली आहे. दोन सह्यांचे बँक खाते उघडायला काही लागत नाही. ज्याच्यावर विश्वास टाकतो त्याला मोहात टाकणे हा त्याच्यावरही अन्यायच आहे. बचत गटाच्या भगिनींनी कर्ज देताना कारण विचारले तर तो आगाऊपणा समजू नये. वर्षावासातल्या प्रवचनात पाचव्या शीलावर बोलताना भन्तेजी दारूबरोबर प्रमाद या शब्दाचा अर्थ सांगतातच. त्यात फोनवरच्या जुगाराचा उल्लेख करावा, अशी आमची विनंती आहे. मात्र सभेत कोणाकडे बोट दाखवू नये. बोट दाखवले की तो माणूस पुढच्या रविवारी येत नाही आणि त्याची बायकोही येत नाही.

सिगालाला तथागतांनी पैशाचे नियोजनही सांगितले होते. मिळकतीचे चार भाग करावेत. एक खर्चाला, दोन कामधंद्याला आणि चौथा अडीअडचणीसाठी शिल्लक ठेवावा. कंत्राटी कामगाराच्या बारा-पंधरा हजारांत हे चार भाग कसे पाडायचे, असा प्रश्न आम्हाला सूनबाईंनी विचारला. तो बरोबरच होता. त्यांनी चौथ्या भागाऐवजी महिन्याला तीनशे रुपयांनी पोस्टात आवर्त ठेव सुरू केली आहे, नातीच्या नावाने.

मुलगा केईएमला दर पंधरवड्याला जातो. मध्ये एकदा, पाचव्या महिन्यात, त्याने मित्राच्या फोनवरून सातशे रुपये घालवले. त्याच रात्री त्याने ते बायकोला सांगितले. माउली घाबरून आमच्याकडे आल्या, सगळे पाण्यात गेले म्हणून. डॉक्टरांनी मात्र त्यांना सांगितले की सातशे गेले हे वाईट, पण त्याच रात्री त्याने तोंडाने सांगितले हे याआधी कधी झाले नव्हते. वहीत ते सातशे रुपये लिहिले आहेत, तारखेसह. अजून एक लाख चाळीस हजार फेडायचे आहेत.